दोन्ही दिवे पेटले, गुण कुणाचा?

२६ जुलै २०२१. सोमवारची पहाट, साडेपाचची वेळ. टोकियोला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. तिथून जवळच, माकुहारी मेस्सेच्या सभागृहात, पांढऱ्या पोशाखातली एक भारतीय मुलगी चेहऱ्यावर जाळी ओढून चौदा मीटर लांबीच्या पट्टीवर उभी राहिली. चेन्नईची भवानी देवी. ऑलिंपिकमध्ये तलवारबाजी १८९६ सालच्या पहिल्या स्पर्धेपासून आहे, पण भारताचा कुणी तलवारबाज तिथवर पोचायला सव्वाशे वर्षं लागली. त्यात या मुलीचं नाव भवानी. मराठी माणसाच्या मनात हे नाव आणि तलवार इतकी जोडलेली आहेत की त्या दिवशी अनेकांनी कौतुकाने टीव्ही लावला असणार.

आणि मग गोंधळून गेले असणार. पंच काहीतरी फ्रेंचमध्ये म्हणतो, दोघी एकमेकींवर धावतात, खण्णकन आवाज होतो, एक लाल आणि एक हिरवा असे दोन्ही दिवे एकदम पेटतात. म्हणजे दोघींचाही वार लागला. तरी पंच हात वर करतो तो एकीच्याच बाजूचा. कधी कधी तर कुणालाच गुण देत नाही आणि दोघींना पुन्हा आपापल्या रेषेवर पाठवतो. दिवे खोटं बोलत नाहीत, दोघींच्या तलवारी लागलेल्या दिसतात, मग एकीचा वार गुणाचा आणि दुसरीचा फुकटचा कसा?

या एका प्रश्नाचं उत्तर नीट कळलं तर अख्खा खेळ कळतो. आणि भवानी देवीने सतरा वर्षं नेमके कसले कष्ट केले, तेही कळतं.

बेलचं बटण आणि उघडी तार

आधी दिव्यांचं पाहू. दारावरची बेल दाबली की काय होतं? बटणाखाली तुटलेला विजेचा मार्ग जोडला जातो, वीज वाहते आणि घंटी वाजते. तलवारबाजीतले फॉइल आणि एपे हे दोन प्रकार ढोबळमानाने या बेलसारखे चालतात. तलवारीच्या टोकाला छोटं स्प्रिंगचं बटण असतं. ते अंगावर पुरेसं दाबलं गेलं तर दिवा लागतो. एपेमध्ये हा दाब किमान ७५० ग्रॅम लागतो, फॉइलमध्ये ५००. त्यामुळे नुसतं घासून गेलेलं टोक मोजलं जात नाही, वार खरोखर टोचला गेला पाहिजे.

भवानीची तलवार तिसऱ्या प्रकारची, सेबर. घोडदळाच्या तलवारीचा वारसा सांगणारी, टोचण्याबरोबर कापणारी. कापायचं तर टोकाला बटण ठेवून भागत नाही, सगळं पातंच जागं हवं. म्हणून सेबरला बटणच नसतं. सेबरचं पातं म्हणजे एक उघडी तार समजा. प्रतिस्पर्ध्याच्या अंगात धातूच्या धाग्यांनी विणलेलं चकाकणारं जाकीट असतं, त्याला लामे म्हणतात. डोक्यावरची जाळीही वीजवाहक असते. पात्याचा कुठलाही भाग या जाकिटाला किंवा जाळीला टेकला की मार्ग पूर्ण झाला, दिवा लागला. दाबाची अट नाही. क्लबमध्ये खेळाडूंच्या पाठीला एक वायर जोडलेली दिसते, ती याचसाठी. मोठ्या स्पर्धांमध्ये आता हे काम बिनतारी होतं.

विजेवर एवढा भरवसा ठेवला की लबाडीही विजेचीच होणार. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेतल्या एपे लढतींत सोव्हिएत संघाच्या बोरिस ओनिश्चेंकोचा दिवा, तलवार लागलेली नसतानाही पेटत होता. ब्रिटनच्या जिम फॉक्सला तो वार आपल्याला लागलेला नाही याची खात्री होती. तलवार उघडून पाहिली तेव्हा मुठीत लपवलेलं एक बटण सापडलं. दारावर बेल असताना चोराने घरात बसून दुसरं बटण दाबावं, तसा प्रकार. ओनिश्चेंको स्पर्धेतून बाद झाला.

चौकट : तीन तलवारी

फॉइल : फक्त टोकाने टोचायचं, तेही धडावर. दोन्ही दिवे लागले तर गुण कुणाचा ते पंच ठरवतो.

एपे : तिघींत जड, ७७० ग्रॅमपर्यंत. टोकानेच, पण डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कुठेही. इथे पंचाने एकाला निवडायची भानगड नाही. दोघांचे वार जवळजवळ एकदम लागले तर दोघांनाही गुण.

सेबर : वजन जास्तीत जास्त ५०० ग्रॅम, पातं ८८ सेंटिमीटर. टोक आणि धार दोन्ही चालतात. कमरेच्या वरचं सगळं शरीर, डोकं आणि हातांसकट, पण पंजे सोडून. दोन्ही दिवे लागले तर इथेही निर्णय पंचाचा. महिलांची सेबर ऑलिंपिकमध्ये आली ती थेट २००४ साली, अथेन्सला.

बंद होणारं दार

आता दोन्ही दिवे एकदम का पेटतात, ते पाहू. यंत्र मुद्दाम थोडं थांबतं. पहिला वार नोंदला गेला की सेबरमध्ये दुसऱ्या खेळाडूला १७० मिलिसेकंदांची मुदत मिळते. तेवढ्यात तिचाही वार लागला तर तिचाही दिवा पेटतो. त्यानंतर दार बंद, मग कितीही जोरात मारा. वातानुकूलित लोकलचं दार जसं एकदा मिटायला लागलं की मिटतंच, तसं. २०१६ पूर्वी ही मुदत १२० मिलिसेकंदच होती. हा फरक डोळ्याला दिसणारा नाही, पण खेळाडूंना सवयी बदलाव्या लागल्या. बचाव करून उलट वार करणारीला पूर्वीपेक्षा जरा जास्त वेळ मिळू लागला.

१७० मिलिसेकंद म्हणजे किती? काही दिसल्यावर त्याला उत्तर म्हणून हात हलवायला माणसाला साधारण दोनशे मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा वार अंगावर लागल्याचं कळल्यावर मी हात उचलला, तर माझी तलवार पोचेपर्यंत दार केव्हाच बंद झालेलं असतं. यातून एक गंमत निघते. दोन्ही दिवे पेटले याचा अर्थ, दोघींनीही आपापला वार पहिल्या स्पर्शाच्या आधीच सुरू केलेला होता.

पण सुरुवात आधी कुणी केली, आणि आधी करणारीची सुरुवात खरी होती की नुसता हातवारा, हे यंत्राला सांगता येत नाही. ते फक्त धातू धातूला टेकल्याचं सांगतं. इथून पुढचं काम माणसाचं.

दम कुणाचा?

कबड्डीची चढाई आठवा. चढाई करणारा मध्यरेषा ओलांडतो आणि ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहतो. जोवर दम चालू आहे तोवर हक्क त्याचा, त्याने शिवलं आणि तो परतला तर समोरचा बाद. दम तुटला की त्याच क्षणी हक्क गेला, मग शिवलेलं मोजत नाही. दम चालू आहे हे कशावरून कळतं? आवाजावरून.

सेबरमध्ये आवाजाच्या जागी हात आहे. जी खेळाडू तलवारीचा हात आधी पुढे सोडते आणि पाऊल न थांबवता, हात मागे न घेता प्रतिस्पर्ध्याच्या अंगाकडे वार नेत राहते, तिचा दम चालू आहे. इंग्रजीत याला राइट ऑफ वे म्हणतात, आपण हल्ल्याचा हक्क म्हणू. हक्क तिच्याकडे असताना समोरचीने मध्येच वार घातला आणि दोन्ही दिवे पेटले, तर गुण हक्कवालीचा. समोरचीचा वार लागला खरा, पण तो चुकीच्या वेळी लागला.

हा नियम ऐकताना मनमानी वाटतो. त्याच्या मागचा विचार मात्र अगदी व्यवहारी आहे. तलवारी खऱ्याखुऱ्या धारदार होत्या तेव्हाची कल्पना करा. समोरून पातं अंगावर येतंय. शहाणा माणूस आधी काय करेल? स्वतःला वाचवेल. आपणही त्याच वेळी वार केला तर दोघंही मरणार. मरताना आपलीही तलवार लागली, यात कसली बहादुरी? म्हणून तालमीत शिकवलं गेलं की अंगावर वार आला तर आधी तो अडव, किंवा त्याच्या टप्प्याबाहेर हो, मगच उलट वार कर. आजचा नियम म्हणजे ती शिकवण गुणांच्या भाषेत लिहिलेली.

हक्क हातातून जातो कसा? पहिला रस्ता, समोरचीने आपल्या पात्याने तुमचं पातं अडवलं. त्या क्षणी हक्क तिच्याकडे गेला, आता तिच्या उलट वारापासून वाचायची पाळी तुमची. दुसरा, तिने पाऊल मागे घेतलं आणि तुमचा वार हवेत गेला. तिसरा रस्ता सर्वांत फसवा, तुम्हीच बिचकलात. हात अर्धा पुढे गेला आणि थांबला, किंवा पाऊल पडलं आणि हात मागेच राहिला. समोरचीने तेवढ्यात वार सोडला तर हक्क तिचा. कबड्डीत दम तुटतो तसाच.

आणि दोघींनी एकदम, सारख्याच निर्धाराने हात सोडला तर? कुणालाच गुण नाही. दोघी पुन्हा रेषेवर.

सुरुवातीच्या दोन रेषा मध्यापासून दोन-दोन मीटरवर असतात, म्हणजे दोघींमध्ये चार मीटर. पंच “आले” (फ्रेंचमध्ये ‘चला’) म्हणाला की दोघी झेपावतात, डोळ्याची पापणी मिटून उघडेपर्यंत मध्यावर भिडतात. मागचा पाय पुढच्या पायाला ओलांडून पुढे जाऊ द्यायचा नाही, असाही सेबरचा एक नियम आहे. म्हणजे सरळ धावतही सुटता येत नाही, सरकत्या पावलांनीच जायचं. तेवढ्यात ठरवायचं की आत्ता हात सोडायचा, की सोडल्याचं नाटक करून तिला सोडायला लावायचं, की मागे हटून तिचा वार हवेत घालवायचा. हे सगळं पंच एका नजरेत टिपतो, आणि खेळाडूला शंका असेल तर मोजक्या वेळा व्हिडिओ पाहून फेरविचार मागता येतो. मंद गतीतही कधी कधी जाणकारांची मतं जुळत नाहीत. हा खेळाचा दोष आहे असं काहींना वाटतं. मला ती या खेळाची खोली वाटते, कारण इथे वार किती जोरात लागला याला काहीच किंमत नाही. वाराला अर्थ होता की नाही, हे तपासलं जातं.

आपल्याकडच्या मर्दानी खेळात दांडपट्टा फिरतो तो गोलात, चारी बाजूंनी वेढलेल्या माणसाने सगळ्यांना दूर ठेवण्यासाठी. सेबरची पट्टी सरळ रेषेत आहे आणि समोर एकच माणूस आहे. त्यामुळे तलवारीइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व अंतराला आहे. समोरची आत्ता टप्प्यात आहे की चार बोटं बाहेर? हे अंतर दोन्ही बाजूंनी सतत बदलत असतं. ते पुस्तकातून शिकता येत नाही, आरशासमोरही नाही. ते फक्त दुसऱ्या माणसासमोर उभं राहून शिकता येतं, आणि तो माणूस आपल्यापेक्षा चांगला असावा लागतो.

भवानी देवीच्या सगळ्या वाटचालीचं कोडं याच वाक्यात आहे.

बांबू

तिचा जन्म २७ ऑगस्ट १९९३ चा, चेन्नईतला. वडील पौरोहित्य करायचे, आई घर सांभाळायची. पाच भावंडांत ही सर्वांत धाकटी. २००४ मध्ये, सहावीत असताना शाळेत खेळांसाठी नावं घेतली जात होती. बाकीच्या खेळांच्या जागा भरल्या होत्या, जागा होती ती तलवारबाजीत. आवड म्हणून नव्हे, जागा होती म्हणून ती तलवारबाज झाली. खेळ महागडा आहे असं सांगून घरच्या उत्पन्नाची चौकशी झाली, तेव्हा संधी जाऊ नये म्हणून आपण वडिलांचं उत्पन्न वाढवून सांगितलं, हे तिनेच पुढे सांगितलं आहे.

सरावाला हातात आला तो बांबू. विजेची तलवार परदेशातून यायची, पातं मोडलं तर दुसरं मिळवणं अवघड. त्यामुळे खरी तलवार राखून ठेवायची, स्पर्धेपुरती बाहेर काढायची, एरवी बांबूच्या काठ्या. (टोकियोत वापरलेली तिची तलवार पुढे ई-लिलावात सव्वा कोटी रुपयांना गेली, ते आठवलं की या काठ्या अधिकच डोळ्यांपुढे येतात.)

बांबूवर काय शिकता येतं? पावलं शिकता येतात. उभं राहण्याची ढब, गुडघे किती वाकवायचे, झेप घेऊन परत कसं यायचं, हे सगळं. काय शिकता येत नाही? सेबरचं पातं लवतं. जोरात अडवलं तरी ते वळून पलीकडे खांद्याला टेकू शकतं, आणि टेकलं की दिवा. बांबू लवत नाही. बांबूला वीजही नसते, म्हणजे वार लागला की नाही हे कानाने आणि अंगाने ओळखायचं. यंत्राच्या दाराची १७० किंवा १२० मिलिसेकंदांची मुदत अंगात मुरायची तर यंत्र समोर हवं. ते नसेल तर मुलीचे हात एका कल्पनेतल्या वेळेवर तयार होतात, आणि स्पर्धेच्या दिवशी दिवे काही वेगळंच सांगतात.

तीन मिनिटं

चौदाव्या वर्षी ती पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी तुर्कस्तानात गेली. लढतीला तीन मिनिटं उशिरा पोचली आणि काळं कार्ड दाखवून तिला बाहेर काढलं गेलं. एवढा प्रवास, एवढा खर्च, आणि तलवार न उचलताच परत.

या खेळात पिवळं कार्ड ताकीद देतं, लाल कार्डाने समोरचीला गुण मिळतो, आणि काळं म्हणजे थेट हकालपट्टी. नाव पुकारल्यावर खेळाडू आली नाही तर मिनिटा-मिनिटाच्या अंतराने पुन्हा पुकारतात, मग संपलं. जिथे मिलिसेकंदांवर गुण ठरतात, तिथे तीन मिनिटं फार झाली. पण भारतातून आलेली चौदा वर्षांची मुलगी आणि युरोपातल्या क्लबमध्ये लहानपणापासून अशा स्पर्धा पाहत वाढलेली मुलगी यांच्यात केवढं अंतर असतं, तेही या तीन मिनिटांत दिसतं. कुठे जायचं, कुणाला विचारायचं, पुकारा कोणत्या भाषेत होतो, हेसुद्धा खेळाचंच शिक्षण आहे आणि ते तिला कुणी दिलेलं नव्हतं.

दहावीनंतर तिने घर सोडलं. केरळात तलश्शेरी इथे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, तिथे ती प्रशिक्षक सागर लागू यांच्या हाताखाली गेली. लागू हे आडनाव मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. भारतीय तलवारबाजीचा सर्वांत लांबचा प्रवास घडवण्यात या नावाचा मोठा वाटा आहे. २००९ मध्ये मलेशियातल्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य, मग आशियाई कनिष्ठ गटातलं यश, २०१४ मध्ये फिलिपिन्समध्ये तेवीस वर्षांखालील आशियाई स्पर्धेत रौप्य. पैशांची चणचण कायम होती. आईने दागिने गहाण ठेवले, तमिळनाडू सरकारकडून मदत मिळाली, २०१५ मध्ये गोस्पोर्ट्स फाउंडेशनच्या राहुल द्रविडच्या नावाने चालणाऱ्या योजनेत तिची निवड झाली. तरी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकचं दार तिला उघडलं नाही.

भारतात ती वर्षानुवर्षं राष्ट्रीय विजेती होती. अडचण तीच होती. घरी सगळ्यांना हरवणाऱ्या खेळाडूला घरी शिकवायला कुणी उरत नाही. म्हणून ती इटलीला, लिव्होर्नोला गेली, प्रशिक्षक निकोला झानोत्ती यांच्याकडे. लिव्होर्नो हे समुद्रकाठचं बंदर, पण तलवारबाजीत त्याची ख्याती आपल्याकडच्या कुस्तीतल्या कोल्हापूरसारखी. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये पाच सुवर्णपदकं जिंकणारा नेदो नादी इथला, २००४ चा सेबरचा ऑलिंपिक विजेता आल्दो मोंतानोही इथलाच. अशा गावात जाणं म्हणजे फक्त चांगला गुरू मिळणं नव्हे. तिथे रोज संध्याकाळी समोर उभी राहणारी वेगवेगळी माणसं मिळतात. कुणी उंच, कुणी डावखुरा, कुणी बिचकणारा, कुणी बिचकल्याचं नाटक करणारा. प्रत्येकासमोर अंतर नव्याने मोजावं लागतं.

फळ दिसायला लागलं. २०१७ मध्ये आइसलँडमधल्या रेक्याविकच्या स्पर्धेत सुवर्ण, भारतीय तलवारबाजीचं पहिलं आंतरराष्ट्रीय सुवर्ण. २०१८ मध्ये कॅनबेराला राष्ट्रकुल विजेतेपद. २०१९ मध्ये वडील गेले. २०२० मध्ये महामारी आली आणि ती चेन्नईला घरी अडकली. गच्चीवर पुतळा उभा करून ती सराव करत राहिली. पुतळ्यावर वार घासूनपुसून घेता येतो, झेप सुधारता येते. पण पुतळा पाऊल मागे घेत नाही, आणि पुतळ्याला दम नसतो.

पंचेचाळिसावी, तरी ऑलिंपिकला

मार्च २०२१ मध्ये बातमी आली की भवानी देवी टोकियोला पात्र ठरली. तेव्हा ती जागतिक क्रमवारीत ४५ वी होती. अनेकांनी विचारलं, ऑलिंपिकच्या सेबरला जेमतेम पस्तीसेक मुली असतात, मग ४५ वी कशी गेली?

लग्नाच्या पंगतीचं उदाहरण घेऊ. यजमानाने ठरवलं की काही घरांना पानं एकदम मांडायची, तीन-तीन माणसांची. तलवारबाजीत ही घरं म्हणजे सांघिक स्पर्धेला पात्र ठरलेले देश. त्यांच्या तीन-तीन मुली वैयक्तिक लढतीतही खेळतात. आता त्या देशात क्रमवारीत वर असलेल्या चौथ्या, पाचव्या, सहाव्या कितीही चांगल्या असल्या तरी त्यांना पान नाही. क्रमवारीतून त्या देशांची सगळी नावं खोडली जातात. उरलेल्या देशांतूनही एकेकच माणूस घ्यायचं. मग खंडानुसार उरलेल्या मोजक्या पानांवर वरून खाली बसवत यायचं. आशिया आणि ओशनिया मिळून क्रमवारीतून अशी दोन पानं होती. बुडापेस्टच्या विश्वचषकात संघांची यादी पक्की झाली, बलाढ्य संघांची नावं खोडली गेली, आणि उरलेल्यांमध्ये भवानीचं नाव वर आलं.

कुणाला हे नशीब वाटेल. पण ४५ वा क्रमांक टिकवायचा तर वर्षभर युरोपातल्या एका शहरातून दुसऱ्या शहरात विश्वचषक खेळत फिरावं लागतं, आणि तेही संघाशिवाय, बहुतेक वेळा एकटीने. पॅरिसच्या वेळी, २०२४ मध्ये, हीच अरुंद वाट तिला मिळाली नाही.

पुन्हा माकुहारी

आता त्या पहाटेच्या लढती पुन्हा पाहू, या वेळी दिव्यांकडे नाही, हाताकडे लक्ष देऊन. सेबरची बाद फेरी पंधरा गुणांची. कुणी आठवर पोचलं की एक मिनिटाची विश्रांती. ट्युनिशियाच्या नादिया बेन अझिझीविरुद्ध विश्रांतीला भवानी ८-० पुढे होती, आणि सहा मिनिटं चौदा सेकंदांत तिने १५-३ असा सामना संपवला. ऑलिंपिकमध्ये तलवारबाजीची लढत जिंकणारी पहिली भारतीय. समोरची हात सोडायला बिचकत होती, आणि भवानी ते बिचकणं ओळखून वार पोचवत होती.

पुढची लढत फ्रान्सच्या मानों ब्रुनेशी, जागतिक क्रमवारीत तेव्हा तिसरी. इथे उलटं घडलं. विश्रांतीला धावफलक २-८. ब्रुने अंतर आपल्या मर्जीने ठरवत होती. विश्रांतीनंतर मात्र भवानीने पाच गुण घेतले, ब्रुनेने सात. शेवट ७-१५. ब्रुनेने त्या स्पर्धेत कांस्य जिंकलं. भवानीने देशाची माफी मागणारा संदेश लिहिला, ते वाचून वाईट वाटलं. उत्तरार्धातले ते पाच गुण पाहिले तर माफीसारखं काही घडलेलंच नव्हतं. एका मिनिटाच्या विश्रांतीत तिने जगातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूचं अंतर वाचायला सुरुवात केली होती.

वूशी, १४-१४

ते वाचन पुरं झालं दोन वर्षांनी. त्या दरम्यान ती फ्रान्समध्ये ओर्लेआंला प्रशिक्षक क्रिस्तियां बॉएर यांच्याकडे शिकायला गेली होती. जून २०२३ मध्ये चीनमधल्या वूशी शहरात आशियाई अजिंक्यपद स्पर्धा होती. उपांत्यपूर्व फेरीत समोर जपानची मिसाकी एमुरा, तेव्हाची विश्वविजेती. भवानीने तिला १५-१० हरवलं. विश्वविजेतीचा दम पाच गुणांच्या फरकाने तोडला.

उपांत्य फेरीत उझबेकिस्तानची झैनब दाइबेकोवा होती. निकाल १५-१४ असा तिच्या बाजूने लागला, म्हणजे शेवटच्या वाराआधी दोघी १४-१४ वर होत्या. चार मीटर अंतर, सरकती पावलं, हातात ८८ सेंटिमीटरचं लवतं पातं. पंच “आले” म्हणाला, दोघी निघाल्या, आणि गुण झैनबकडे गेला. या स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकासाठी वेगळी लढत नसते, उपांत्य फेरीत हरलेल्या दोघींनाही कांस्य मिळतं. भवानीने चेहऱ्यावरची जाळी काढली, तेव्हा भारताच्या खात्यात वरिष्ठ गटाच्या आशियाई तलवारबाजीतलं पहिलं पदक जमा झालं होतं.